कोतवाल, हत्ती आणि डोहातला देव

डोंगरांच्या बेचक्यात दडलेल्या एका देवराईत एक कोतवाल पक्षी राहत असे. अंगाने मूठभर, रंगाने काजळासारखा, शेपटी टोकाला दुभंगलेली. स्वभावाने मात्र असा की, घार घरट्यावरून नुसती गेली तरी तिच्या पाठीवर बसून एखादे पीस उपटल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. म्हणूनच बुलबुल, हळद्या, होला अशी गरीब पाखरे मुद्दाम त्याच्याच बेहड्याच्या झाडावर घरटी बांधत. कोतवाल शेजारी असला की अंडी सुरक्षित.

देवराईच्या मधोमध एक डोह होता आणि डोहात एक उभा काळा दगड होता. त्या दगडाला सगळे देव म्हणत. पावसाळ्यात देव गळ्यापर्यंत पाण्यात असे आणि उन्हाळा चढेल तसतसा हळूहळू उघडा पडे. देवराईच्या दोन जुन्या रीती होत्या आणि दोन्ही कोतवालाकडे होत्या. पहिली रीत म्हणजे रोज सकाळी देव किती पाण्यात आहे ते त्याने आरोळी देऊन सांगायचे. देव छातीपर्यंत आला की रानडुकरांनी डोहात लोळणे बंद. कमरेपर्यंत आला की प्रत्येकाने दिवसातून एकदाच प्यायचे. दुसरी रीत बाहेरून येणाऱ्यांसाठी होती. त्यांनी खिंडीत थांबायचे आणि कोतवालाने चार प्रश्न विचारायचे : कोण, कुठून, कशासाठी, किती दिवस? उत्तर पटले तर आत, नाही पटले तर घोटभर पाणी पाजून परत.

मुलांनो, या दोन रीती नीट ध्यानात ठेवा. पुढे जे झाले ते या रीती गुंडाळून ठेवल्यामुळे झाले. आणि ज्यांनी त्या गुंडाळल्या, त्यांना आजही आपले काही चुकले असे वाटत नाही.

त्या वर्षी उन्हाळा भयंकर होता. एके सकाळी कोतवाल आरोळी द्यायला शेंड्यावर गेला आणि चोच उघडून तसाच राहिला. डोहाच्या काठावर काल नव्हते असे मोठमोठे काळे खडक उभे होते. एकही पाखरू ओरडत नव्हते. पाण्यावर धुके होते, आणि त्या धुक्यात खडक अगदी शांत उभे होते. मग त्यांतल्या एका खडकाने कान हलवला.

कोतवालाने हत्ती कधी पाहिले नव्हते. इतके मोठे काही जिवंत असू शकते, हे त्याला माहीतच नव्हते. चार हत्तिणी, एक तरणा सुळेवाला आणि सगळ्यांच्या पायांत एक पिल्लू. पिल्लू ओल्या मातीवरून घसरले, तेव्हा सगळ्यांत थोरल्या हत्तिणीने सोंड खाली सोडली आणि फूल उचलावे तसे त्याला उचलून उभे केले. त्या एवढ्या थोरल्या पायांखाली काठावरचे वाळके पानसुद्धा वाजले नाही. घारीला न घाबरणारा कोतवाल फांदीला घट्ट धरून बसला. त्याला भीती वाटत नव्हती. त्याला जे वाटत होते त्याला त्याच्याकडे शब्द नव्हता.

पण काम ते काम. हे सगळे खिंडीतून आले नव्हते, मागच्या घळीतून आले होते. म्हणजे न थांबता, न विचारता. कोतवालाने पंख झटकले आणि तो चार प्रश्न विचारायला निघाला.

"अरे अरे, कुठे निघालास?" वाटेत एका बगळ्याने त्याला अडवले.

"विचारायला. कोण, कुठून..."

"विचारायला! अरे, डोळे आहेत का तुला? सोंड बघ, सुपासारखे कान बघ, पोट बघ. साक्षात देव दारात आलाय आणि तू त्याला विचारणार, कोण रे बाबा तू?"

तेवढ्यात वरच्या फांदीवरून वानरांचा म्होरक्या, एक दांडगा हुप्प्या, खाली उतरला. "कोतवाला, मागे फिर! त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही. आपला देव डोहात आहे. हे परके त्याच्या पाण्यात पाय घालून उभे आहेत. देव बाटला आपला, बाटला!"

गलका ऐकून सगळी देवराई वडाखाली जमली. आधी बगळा बोलायला उभा राहिला.

"बघा," तो म्हणाला, "बघा त्या बाळाचे पाय! कसे लटपटताहेत. किती कोसांवरून चालत आलं असेल ते? ज्याला हे बघून रडू येत नाही, त्याला काळीज नाही. आणि ज्याला त्याच्यात देव दिसत नाही, तो या देवराईत राहायच्या लायकीचा नाही!"

ससे रडले. भेकरे रडली. बगळाही रडला, आणि त्याचे अश्रू खोटे नव्हते. पण हत्तींच्या पावलांनी गवतातून उडणारे टोळ पहाटेपासून त्याच्याच पोटात जात होते, हेही खोटे नव्हते. ते तेवढे त्याने सांगितले नाही.

मग हुप्प्या उठला. त्याने शेजारच्या एका वानरीचे तान्हे पोर तिच्या छातीवरून ओढून घेतले आणि उंच धरले. "हे बघा! उद्या एखादा पाय या पोरावर पडला तर? तुमच्या घरात तान्ही नाहीत? त्यांचं बाळ ते बाळ, आणि आमचं काय पालापाचोळा? जो देवाचा आहे तो आज माझ्या मागे उभा राहील. उरलेल्यांनी आपण कोण ते ओळखून घ्यावं."

साळिंदरे गुरगुरली. रानडुकरांनी पाय आपटले. हुप्प्याची भीती पोकळ नव्हती. तरण्या सुळेवाल्याने आल्या आल्या एक फणस मुळासकट आडवा केला होता. पण त्या फणसावर हुप्प्या दुसऱ्या कुठल्या टोळीला आजवर चढू देत नव्हता. तेही भाषणात आले नाही.

"माझं ऐकता का जरा?" कोतवाल ओरडला. "तुम्ही रडा, तुम्ही ओरडा, कुणाला बंदी नाही. मी फक्त जातो आणि चार प्रश्न विचारतो. त्यांना किती पाणी लागतं, किती दिवस लागतं ते कळू दे. मग ठरवू, ठेवायचं की घालवायचं."

"देवाचा हिशेब करणार तू?" बगळा म्हणाला.

"विचारायचंच नाही!" हुप्प्या म्हणाला. "विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. उत्तर ऐकलं की ते इथले झाले."

सकाळपासून एकमेकांवर तुटून पडलेले ते दोघे तेवढ्या एका गोष्टीवर एक झाले. ठराव झाला की हत्तींशी जो बोलेल त्याचे घरटे देवराईतून उतरवायचे. कोतवालाने बेहड्याकडे पाहिले. घरट्याच्या काठावरून त्याच्या पिल्लांच्या चोची दिसत होत्या. अजून अंगावर धड पिसे फुटली नव्हती. तो मुकाट्याने परत फिरला.

"काय हो," कोतवालीण म्हणाली, "तुम्हाला घारीची भीती वाटत नाही आणि बगळ्याची वाटते?"

"घार एकटी असते गं," कोतवाल म्हणाला. "आणि परकी असते. ही सगळी आपली आहेत."

दुसऱ्या दिवशीपासून देवराईला दुसरे काही सुचेना. भक्तांनी डोहाच्या पूर्वेकडच्या सपाट वाटेवर जागा धरली. हत्तींची पावले जिथे पडायची तिथेच ससे, भेकरे, मोर साष्टांग आडवे होत. पाखरे चोचीत पाणी भरून आणत आणि हत्तींच्या पायांवर ओतत. पाणी अर्थात डोहातलेच. हुप्प्याच्या टोळीने शेजारच्या दुसऱ्या वाटेवर करवंदीच्या आणि बाभळीच्या फांद्यांचे ढीग रचले आणि रात्रंदिवस दगड घेऊन पहारा बसवला. पहारा देऊन तहान लागते, म्हणून पहारेकरी पोट फुटेपर्यंत पाणी पीत. "आपण नाही प्यायलो तर ते पितील," हुप्प्या सांगे. रानडुकरे डोहात लोळू लागली. आता त्याला लोळणे म्हणत नव्हते, देवाचे रक्षण म्हणत होते.

"देव छातीपर्यंत!" कोतवालाने एका सकाळी आरोळी दिली.

"जय हो!" बगळा ओरडला. "देव वर येतोय! भक्तांना दर्शन द्यायला देव वर येतोय!"

"देव चाललाय!" हुप्प्या ओरडला. "रागावून डोह सोडून चाललाय!"

"पाणी कमी होतंय," कोतवाल म्हणाला. "देव आहे तिथेच आहे."

हे कुणालाच आवडले नाही. बगळ्याने त्याला बाजूला घेऊन गोड शब्दांत सुचवले, "दादा, छातीपर्यंत वगैरे कशाला? नुसतं म्हण, देव प्रकट होतोय." हुप्प्याने गोड शब्द वापरले नाहीत. तो म्हणाला, "उद्यापासून म्हणायचं, देव निघाला. नाहीतर तू त्यांचा माणूस आहेस हे आम्ही समजून चालू."

"मी पाण्याचा माणूस आहे," कोतवाल म्हणाला. "पाणी जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच सांगणार."

त्यावर दोघांनीही त्याला देवद्रोही ठरवले. बगळ्याने ठरवले कारण तो देवाच्या कृपेवर शंका घेत होता. हुप्प्याने ठरवले कारण तो देवाच्या कोपावर शंका घेत होता. आणि देव कमरेपर्यंत उघडा पडला, तरी दिवसातून एकदाच प्यायची रीत कुणी पाळली नाही. कारण ती पाळायची तर पाणी संपते आहे हे मान्य करावे लागले असते.

मग ती सकाळ आली. डोहाचा उथळ फाटा मधल्या गाळाने तुटून वेगळा पडला होता आणि त्याचे डबके झाले होते. त्या डबक्यात देवराईचे सगळे लहान मासे अडकले होते. काही अजून तोंड उघडमीट करत होते. बाकीचे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. आयती मेजवानी समोर असून खंड्या फांदीवर गप्प बसून होता. त्यालासुद्धा चोच घालवेना.

"देव घोट्यापर्यंत," कोतवाल म्हणाला. त्याला आरोळी देता आली नाही. पण सगळ्यांना ऐकू गेले.

वडाखाली आता तरी कुणी शहाण्यासारखे बोलेल, असे कोतवालाला वाटले. बगळ्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "भाग्यवान मासे! देवाच्या पायाशी देह पडला, मोक्ष मिळाला."

"माशांचं बलिदान आम्ही वाया जाऊ देणार नाही!" हुप्प्या गरजला.

मुलांनो, कोतवालाला आयुष्यात पुष्कळदा राग आला होता. पण या वेळचा राग वेगळा होता. तो ओरडला नाही. त्याने एकदा घरट्याकडे पाहिले, कोतवालिणीकडे पाहिले. तिने पिल्लांवर पंख पसरले आणि मान हलवली. कोतवाल उडाला, वडावरून, बगळ्यावरून, हुप्प्यावरून सरळ डोहावर गेला आणि थोरल्या हत्तिणीच्या कपाळावर उतरला.

खालून एकच कल्लोळ उठला. त्याला तो ऐकूच आला नाही. त्याच्या पायांखाली उन्हात तापलेल्या कातळासारखी कातडी होती, पण ती श्वास घेत होती. तिच्या पापणीचा एकेक केस त्याच्या शेपटीच्या पिसाएवढा लांब होता. खोल कुठेतरी तिचे काळीज इतके सावकाश धडकत होते की, दोन ठोक्यांच्या मध्ये त्याच्या स्वतःच्या काळजाचे कितीतरी ठोके पडून जात. ती पापणी वर उचलली गेली.

"कोण?" कोतवालाने विचारले. आवाज चिमणीसारखा निघाला. त्याने घसा साफ केला. "कोण, कुठून, कशासाठी, किती दिवस?"

"आलास का?" हत्तीण म्हणाली. तिचा आवाज त्याला कानांनी नाही, पायांनी ऐकू आला. "आम्ही आल्यापासून वाट बघतेय, कुणीतरी विचारेल म्हणून. आमच्या पाया पडतात, आम्हाला दगड मारतात, पण विचारत कुणी नाही. ऐक. आम्ही हत्ती. या माझ्या मुली, हा थोरला नातू, हा धाकटा. नदीपलीकडच्या रानातून आलो. ते रान आता नाही, तिथे राख आहे. पाण्यासाठी आलो. पण तुमच्या डोहाच्या पाण्यासाठी नाही."

"डोहाच्या नाही? मग इतके दिवस काय पिताय, आजी?"

"डोहच. दुसरं काय पिणार, बाळा? आम्हाला जायचंय पलीकडच्या ओढ्यात."

"ओढा तर कोरडा आहे."

"वरून कोरडा आहे. पण तिथे जायला वाटा दोनच. बाकी सगळा कातळ. एका वाटेवर तुमची ससेभेकरं आडवी पडलेली असतात. पाय कुठे टाकू? दुसऱ्या वाटेवर काटे. त्यातून आमचं पोर जात नाही."

"मग तुडवून जायचंत!" कोतवालाच्या तोंडून निघून गेले.

"तुडवलं असतं," हत्तीण शांतपणे म्हणाली, "तर तुमचा तो लांब शेपटीवाला खरा ठरला असता."

देवराई मरायला टेकली होती, आणि तिला वाचवण्याच्या नावाखाली दोन्ही वाटा तिच्याच लोकांनी अडवल्या होत्या.

"किती दिवस ते सांगायचं राहिलं," हत्तीण म्हणाली. "नदीला पाणी येईपर्यंत. पाऊस पडला की राखेतूनही गवत फुटतं, मग परत जाऊ. पण खोटं कशाला बोलू? ही मागची माझी मुलगी, हिचा गुडघा गेलाय. ती परत चालू शकेल असं वाटत नाही. ती राहील."

"आणि ओढ्यात पाणी आहे हे कशावरून?"

"हलू नकोस," ती म्हणाली. तिने एक पाऊल पुढे टाकले, जमिनीवर दाबून ठेवले आणि डोळे मिटले. एकेक करून बाकीचे हत्तीही थांबले. कान हलायचे थांबले, शेपट्या थांबल्या. पिल्लूसुद्धा आईच्या पोटाला टेकून उभे राहिले. खालचा कल्लोळही आपोआप विरला, कारण इतके मोठे काही इतके स्तब्ध झालेले देवराईने कधी पाहिले नव्हते. आणि मग हत्तिणीच्या हाडांतून वर चढत कोतवालाच्या पावलांपर्यंत काहीतरी आले. फार खोलवरची, बारीक, न थांबणारी थरथर. वाळूखालून, खडकाखालून, कुणालाही न विचारता पाणी चालले होते.

कोतवालाच्या अंगावरचे पीसन्पीस उभे राहिले.

"लहान होते तेव्हा माझ्या आजीने मला इथे आणून ऐकवलं होतं," हत्तीण म्हणाली.

कोतवाल झेप घेऊन शेंड्यावर गेला आणि त्याने आयुष्यातली सगळ्यांत मोठी आरोळी दिली. "हत्तींना डोह नको, वाट हवी! ओढ्यात वाळूखाली पाणी आहे! वाट सोडा!"

"बोलला! हा त्यांच्याशी बोलला!" हुप्प्या किंचाळला. "घरटं उतरवा याचं!" आणि कुणी पुढे होईना म्हणून तो स्वतःच बेहड्यावर चढला.

आता पाहा काय झाले ते. आधी वाटेवर साष्टांग पडलेला एक ससा उठला. त्याची जीभ कोरडी पडली होती. "महाराज," तो बगळ्याला म्हणाला, "देवाला वाट हवी असेल तर आपण वाटेत कशाला पडलोय?" तोवर भेकरे उठली, मोर उठले, वाट मोकळी झाली. पलीकडे ज्या वानरीचे तान्हे हुप्प्याने सभेत उंच धरले होते, ती पुढे झाली आणि काट्यांची फांदी ओढू लागली.

"ए बाई, पहारा मोडतेस?" एका पहारेकऱ्याने दरडावले.

"माझं दूध आटलंय," ती म्हणाली. "पोराला काय तुझं भाषण पाजू?" आणि तिने दुसरी फांदी ओढली. मग दुसरी वानरी आली, मग तिसरी.

बेहड्यावर हुप्प्याचा हात घरट्याच्या फांदीपर्यंत पोहोचला होता. कोतवालीण त्याच्या डोक्यावर बसून टोचत होती, बुलबुल डोळ्यांसमोर फडफडत होते, गरीब होलासुद्धा पंखांनी थपडा मारत होता. हुप्प्याने मदतीसाठी खाली पाहिले. खाली त्याची टोळी नव्हती. सगळी टोळी काटे उचलत होती. त्याने हात मागे घेतला आणि तो मुकाट्याने उतरला.

हत्ती दोन्ही वाटांनी ओढ्याकडे चालू लागले. त्यांच्या मागे, थोडे अंतर ठेवून, सगळी देवराई चालू लागली. ओढा भाजल्यासारखा पांढरा पडला होता. थोरल्या हत्तिणीने सोंडेने वाळू हुंगली, चार पावले पुढे गेली, पुन्हा हुंगली आणि पायाने खणू लागली. वाळू उडाली. खाली वाळूच निघाली. बाकीचे हत्ती खणू लागले. पुन्हा वाळूच. मागे कुणीतरी कुजबुजले, कुणीतरी हसले. मग वाळूचा रंग बदलला. पिवळ्याची तपकिरी झाली, तपकिरीची काळी झाली, काळी चमकू लागली, आणि त्या खड्ड्याच्या तळाशी पाणी आले. ते उसळले नाही, आवाज केला नाही. झोपलेल्याने डोळा उघडावा तसे आले आणि भरत गेले.

कुणी जयजयकार केला नाही. बगळ्यानेही नाही. हत्तीण पोटभर प्यायली, पिल्लाला पाजले, आणि मग तिने आपली प्रचंड पाठ वळवली आणि बाजूला सरली. पुढचे पाणी देवराईचे होते.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण कोतवालाचे काम संपले नव्हते. संध्याकाळी तो पुन्हा हत्तिणीसमोर बसला.

"आजी, पाणी दाखवलंत, उपकार झाले. पण तुम्ही खिंडीत न थांबता आलात. रीत मोडलीत."

"खिंडीत आमची पाठ अडकते. आणि रीत आम्हाला माहीत नव्हती."

"माहीत नव्हती म्हणून मोडली नाही असं होत नाही. आणि तो फणस?"

हत्तिणीने तरण्या सुळेवाल्याकडे नुसते पाहिले. एवढा दांडगा तो, पण त्याने सोंड तोंडात घातली आणि मान खाली घातली.

मग देवराईने शांतपणे बसून ठरवले. हत्तींनी डोहात उतरायचे नाही. फळझाड पाडायचे नाही. नदीला पाणी आले की परत जायचे. गुडघा गेलेल्या हत्तिणीने राहावे, पण डोहाकाठच्या बांबूत नाही, ओढ्याकाठी. थोरलीने तो बांबू मागून पाहिला होता. देवराईने नाही म्हटले आणि तिने ते ऐकले. आणि पुन्हा यायचे झाले तर घळीच्या तोंडाशी थांबायचे.

दुसऱ्या दिवशी बगळा सांगत होता, "मी म्हटलं नव्हतं? देवच ते, पाणी दिलं की नाही!" हुप्प्या सांगत होता, "आम्ही पाय रोवून उभे राहिलो म्हणून अटी तरी पाळताहेत." दोघांच्याही भोवती थोडेफार ऐकणारे होते. ते नेहमी असतातच. कोतवाल कुणाशी वाद घालत बसला नाही. त्याने शेंड्यावर जाऊन आरोळी दिली, "देव घोट्यापर्यंत! डबक्यातले मासे गेले!" आणि देव पुन्हा गळ्यापर्यंत पाण्यात जाईतोवर तो रोज ते दुसरे वाक्य म्हणत राहिला. बगळ्याने आणि हुप्प्याने अनेकदा सांगूनही त्याने ते गाळले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी पाखरे पुन्हा एकदम गप्प झाली. कोतवाल घळीच्या तोंडाशी गेला. धुक्यात ते उभे होते. पिल्लू आता आईच्या कोपरापर्यंत वाढले होते. आत ओढ्याला पाण्याचा वास होता, त्यांच्या जिभा कोरड्या होत्या, पाय रक्ताळले होते, आणि अडवायला समोर काटा नव्हता की भिंत नव्हती. तरी त्या डोंगराएवढ्या जिवांतल्या एकानेही घळीच्या आत पाऊल टाकले नव्हते. ते मूठभर पाखराची वाट बघत थांबले होते.

कोतवाल समोरच्या फांदीवर बसला. त्याने चारही प्रश्न विचारले. एकही गाळला नाही.

तात्पर्य : दारात आलेल्याला देव ठरवू नये आणि राक्षसही ठरवू नये; आधी त्याला विचारावे आणि आपल्या डोहातले पाणी पाहावे. देवाच्या नावाने किंवा डोळ्यांतल्या आसवांनी डोह भरत नाही.